दोन शपथा आणि तिसरा माणूस

धनत्रयोदशीला आम्हा डॉक्टरमंडळींच्या घरी दोन पूजा असतात, एक धन्वंतरीची आणि दुसरी धनाची. या दोन दैवतांना एकाच तिथीवर कोणी आणि का बसविले याचे उत्तर जाणत्यांनी द्यावे. मला मात्र त्यात पूर्वजांची बारीकशी थट्टा दिसत आली आहे. सरकारने २०१६ पासून याच तिथीला आयुर्वेद दिन ठरविला होता. २०२५ पासून तो २३ सप्टेंबरला नेला. तेव्हा आता ही तिथी पुन्हा घरच्या लोकांची झाली आहे आणि तिच्या निमित्ताने आमच्या धंद्याचे थोडे घरगुती बोलणे करावयास हरकत नसावी.

बोलावयाचे आहे ते शपथेविषयी. २०२२ साली या विषयावर देशभर बराच धुरळा उडाला, हे पुष्कळांना आठवत असेल. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्या वर्षीच्या ३१ मार्चच्या परिपत्रकात, नव्या विद्यार्थ्यांना पांढरा कोट देण्याच्या समारंभात हिपॉक्रेटिसच्या शपथेऐवजी सुधारित महर्षी चरक शपथ द्यावी अशी शिफारस केली. एप्रिलअखेर मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ती घेतली गेली, तेव्हा तमिळनाडू सरकारने तेथील अधिष्ठात्यांना पदावरून दूर केले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा नेमले. एक पक्ष म्हणाला, ग्रीक देवांच्या नावाने आपल्या मुलांनी शपथ का घ्यावी? दुसरा म्हणाला, जगभर चालत आलेली परंपरा का मोडावी? दोन्ही बाजूंची भाषणे आणि लेख मी मन लावून वाचले. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ज्या दोन मजकुरांवरून हे भांडण चालले होते, ते मजकूर वाचल्याची खूण फारच थोड्या ठिकाणी दिसत होती.

म्हणून ते येथे वाचून पाहू, आपण कविता किंवा नाटक वाचतो तसे: बोलतो कोण, कोणाशी बोलतो, कोणते शब्द निवडतो आणि कशाविषयी गप्प बसतो. माझा अधिकार विचाराल तर तो पंडिताचा नाही. न्हावा हे गाव पनवेल तालुक्यातले आणि शेवा उरण तालुक्यातले. बंदराने या दोघांचे मिळून एक जोडनाव केले. त्या टापूत मी जन्मभर दवाखाना चालविला. १९८९ च्या मे महिन्यात बंदर सुरू झाले. त्यापूर्वी माझ्याकडे मिठागरात पाय फुटलेले आगरी आणि जाळ्याच्या दोरीने हात कापलेले कोळी येत. पुढे त्यांत कंटेनरच्या गाड्यांवरचे पंजाबी ड्रायव्हरही आले. या माणसांच्या बाजूने हे दोन मजकूर कसे दिसतात, एवढेच मला सांगता येईल.

ग्रीक शपथ आधी घेऊ. तीत बोलणारा 'मी' आहे. अपोलो, अस्क्लेपियस आणि आरोग्याच्या दोन देवकन्या यांना साक्षी ठेवून तो उभा राहतो आणि पहिली गोष्ट कोणती कबूल करतो? रोग्याविषयी नव्हे, गुरूविषयी! गुरूला आईबापांच्या जागी मानीन, त्याला गरज पडली तर माझ्या मिळकतीतला वाटा देईन, त्याच्या मुलांना फुकट शिकवीन. रोगी यावयास त्यानंतर थोडा वेळ लागतो. मग येतात ती वचने मात्र ताठ कण्याची आहेत: कोणी मागितले तरी विष देणार नाही, ज्या घरात जाईन तेथे रोग्याच्या हितासाठीच जाईन, घरातली स्त्री असो वा पुरुष, मालक असो वा गुलाम, कोणाच्याही देहाचा गैरफायदा घेणार नाही, जे ऐकले-पाहिले ते पोटात ठेवीन. मूतखडा कापून काढण्याचे काम मी करणार नाही, ते त्या कामाच्या माणसांवर सोपवीन, असेही एक वाक्य आहे. रोगी दुसऱ्याकडे पाठविण्याची ही फार जुनी लेखी नोंद असावी, आणि तीत टक्केवारीचा उल्लेख नाही.

विषाचे वचन मला सर्वांत भारदस्त वाटते, आणि सर्वांत केविलवाणेही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रोगी दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरीन दिले होते. पण त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होते. हे द्रव्य दिसावयास ग्लिसरीनसारखेच, चवीला गोड, कारखान्याच्या कामाचे आणि स्वस्त. पोटात गेले की ते मूत्रपिंडे निकामी करते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून औषधनियंत्रणापर्यंतची साखळी कशी कुजली होती ते कडी-कडीने उघडे केले आणि त्या अहवालापायी आरोग्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. आता शपथेच्या दृष्टीने पाहा. ते औषध लिहिणाऱ्या एकाही डॉक्टरने शपथ मोडली नव्हती. त्यांनी विष दिले नाही. त्यांनी ग्लिसरीन दिले. शपथ शाबूत राहिली आणि विषही दिले गेले! अमेरिकेत १९३७ साली याच द्रव्याने शंभरावर माणसे मारली होती. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधातून वीसहून अधिक लेकरांचा जीव घेणारे द्रव्यही हेच. त्यांतली कितीतरी मुले उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली. त्याचा दोष किती हे न्यायालय ठरवील. पण माझ्या मनात येते ते असे, की हिपॉक्रेटिसच्या खोलीत दोनच माणसे आहेत, वैद्य आणि रोगी. औषध वैद्य स्वतः कुटतो. पिंप भरणारा, पिंप विकणारा, पिंप न तपासता शिक्का मारणारा असा तिसरा माणूस त्या खोलीत नाहीच. न्हावा शेव्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्या कंटेनरांच्या रांगा ज्याने रोज पाहिल्या आहेत, त्याला हे उणेपण चटकन जाणवते.

आता चरक. ज्याला आपण चरकाची शपथ म्हणतो ती संहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात आहे. आणि खरे म्हणजे ती शपथ नव्हे. तीत बोलणारा गुरू आहे. अग्नी, ब्राह्मण आणि वैद्य यांच्या साक्षीने तो शिष्याला सांगतो, 'तू' असे कर, 'तू' असे करू नकोस. शिष्य होकार देतो. सुधारणाऱ्यांनी या 'तू'चा 'मी' केला. व्याकरणात हा फरक एका अक्षराचा, अर्थात मात्र मोठा. गुरू 'तू' म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या कमजोरीची त्याला पुरेपूर कल्पना असते. मूळ मजकूर या कल्पनेने भरलेला आहे आणि म्हणूनच तो मला ग्रीक शपथेहून अधिक माणसाळलेला वाटतो. नीटनेटके कपडे घाल, पण भपका नको. दारू पिऊ नकोस. बोलणे मृदू, खरे, हिताचे आणि मोजके असू दे. रोग्याच्या घरी जाशील तर ओळखीच्या माणसाबरोबर, खाली मान घालून जा. एकदा आत गेलास की मन, वाणी आणि इंद्रिये रोग्यावाचून कोठे फिरकू देऊ नकोस. ज्ञान असले तरी त्याची बढाई मारू नकोस, कारण जाणत्याचीही बढाई लोकांना सोसत नाही. हे शेवटचे वाक्य लिहिणाऱ्याने किती वैद्यांच्या बैठका पाहिल्या असतील! आणि या साऱ्याच्या मध्यावर ते मोठे वाक्य येते: स्वतःच्या पोटावर पाय आला तरी रोग्याचा द्रोह करू नकोस. ग्रीक शपथेत याच्या तोडीचे वाक्य मला सापडले नाही.

परंतु याच मजकुरात तीन जागा अशा आहेत की तेथे माझी मान होकारासाठी हलत नाही.

पहिली स्त्रियांची. नवरा किंवा पालक जवळ नसेल तर स्त्रीला औषध देऊ नकोस, असे गुरू सांगतो. सुधारित म्हणून जो इंग्रजी मसुदा २०२२ च्या सुरुवातीला फिरला त्यातही पुरुष डॉक्टरांना उद्देशून हे कलम उरले होते, आणि त्यावर रास्त ओरड झाली. जुन्या काळी त्यामागे स्त्रीच्या संरक्षणाचा हेतू असेल. मी नाही म्हणत नाही. पण आमच्या कोळीवाड्यात हे कलम आणून पाहा. नवरे होडीवर, आठ-आठ दिवस दर्यात. बायका पहाटे टोपली घेऊन मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला जातात, बाजार करून दुपारी परततात आणि वाटेत दवाखान्याची पायरी चढतात. "दादला दर्यावर गेलाय, डाक्तर, तू सुई मार," असे सांगणारीला मी काय, होडी परत येईपर्यंत ताप अंगावर काढ म्हणून सांगावे? आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. म्हणजे परंपरेचा अभ्यास त्या बाईने केला, आणि तोही सातासमुद्रापार जाऊन. परंपरा जपावयाची ती अशी जपावी. तपासणीच्या वेळी खोलीत दुसरी बाई, नर्स किंवा रोग्याच्या मर्जीचे माणूस असावे हा आजचा शिरस्ता चांगलाच आहे. पण तेथे मर्जी बाईची, नवऱ्याची नव्हे.

दुसरी जागा राजाची. राजा ज्याचा द्वेष करतो, किंवा जो राजाचा द्वेष करतो, त्याला औषध देऊ नकोस. वैद्य आणि रोगी यांच्यामध्ये चरकाने जो एक बलवान तिसरा माणूस येऊ दिला तो हा, आणि त्याच्यापुढे गुरूने शिष्याला मान तुकवावयास सांगितले! १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला आमच्याकडे काय झाले ते रायगडकरांना सांगावयास नको. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उठलेल्या शेतकऱ्यांवर जासई-नवघर भागात गोळीबार झाला आणि पाच जण गेले. डोकी फुटलेले काही जण रात्री माझ्या दाराशी आले. सरकारी कागदावर नाव चढेल या भीतीने ते मोठ्या रुग्णालयाकडे जावयास कचरत होते. मी टाके घातले, जखमांची नोंद कायद्याप्रमाणे वहीत केली आणि तसे त्यांना सांगितलेही. राजा कोणाचा द्वेष करतो हा प्रश्न सुईदोरा हातात असताना सुचत नाही. १९४८ साली जागतिक वैद्यक संघटनेने जिनिव्हाची प्रतिज्ञा तयार केली, ती नाझी डॉक्टरांनी राजाच्या मर्जीखातर काय काय केले हे न्युरेंबर्गच्या खटल्यात उघड झाल्यानंतर. धर्म, वंश, पक्ष किंवा दर्जा माझ्या आणि रोग्याच्या आड येऊ देणार नाही, हे तीत स्पष्ट आले. आपल्या २००२ च्या नियमांतली प्रतिज्ञाही त्याच घराण्यातली आहे. या एका बाबतीत मी नव्या प्रतिज्ञेच्या पंक्तीला बसतो आणि दोन्ही प्राचीनांची क्षमा मागतो.

तिसरी जागा मरणाची, आणि तेथे निवाडा इतका सोपा नाही. रोग्याचे आयुष्य सरत आले आहे असे कळले, तरी ज्या ठिकाणी सांगितल्याने त्याला किंवा दुसऱ्याला धक्का बसेल त्या ठिकाणी ते सांगू नकोस, असे चरक म्हणतो. ही अट नीट पाहावी. सरसकट लपव असे तो म्हणत नाही. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांतही रोग्यापासून पुष्कळ गोष्टी झाकाव्या असा सल्ला आहेच. आता काळ उलट दिशेने वाहू लागला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने, शेवटच्या आजारात कृत्रिम उपाय नकोत असे माणसाला आगाऊ लिहून ठेवता येईल हे मान्य केले आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची किचकट रीत सोपी केली. या निकालातला रोगी जाणता आहे; त्याला सारे सांगितलेले आहे. आणि आमच्या घरांतला रोगी? मुलगा दाराबाहेर गाठून म्हणतो, "आईला काही सांगू नका." सही तोच करतो, तिला विचारीत कोणी नाही. मशेरीने तोंड नासलेली एक म्हातारी कोळीण मला आठवते. तिच्या मुलाने मला अशीच गळ घातली होती. मी आत गेलो तर तीच म्हणाली, "म्हावरा कधी नासला ते मला वासानं कलतं, डाक्तर. माझाबी कलला. पोराला सांगू नको, तो रडंल." दोघे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत होते आणि मधे मी! चरकाची अट येथे कोणाला लावावी? आईला की लेकाला? मी दोघांना एका खोलीत बसविले आणि मी बाहेर गेलो. शपथेच्या कोणत्याही कलमात हा उपाय लिहिलेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिकडे येतो. पैशाविषयी या शपथा काय म्हणतात? लोभ नको, असे चरकाचा गुरू बजावतो आणि सुधारित शपथही बजावते. पण लोभ हा एका माणसाच्या मनातला विकार झाला. आमच्या धंद्याला आज जो रोग जडला आहे तो मनातला नसून दोन माणसांमधला आहे, आणि त्याचे नाव कट. मी रोगी पाठवावयाचा, तपासणी करणाऱ्याने किंवा मोठ्या रुग्णालयाने बिलातून माझा वाटा काढावयाचा, आणि तो वाटा रोग्याने आपल्या नकळत भरावयाचा. ग्रीक शपथेत पैशाचा विषय येतो तो गुरूला वाटा देण्यापुरता आणि गुरूच्या मुलांना फुकट शिकविण्यापुरता. म्हणजे पैसा येतो तो घरातल्या घरात!

आणि गंमत अशी, की दोन्ही परंपरांना पैशाचे शहाणपण नव्हते असे मुळीच नाही. याच चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, पहिल्याच अध्यायात, जे चिकित्सेचा बाजार मांडतात ते सोन्याची रास टाकून धुळीच्या राशीमागे लागतात, अशा अर्थाचे वचन आहे. हिपॉक्रेटिसच्या परंपरेतल्या एका उपदेशग्रंथात, आजाऱ्यापाशी फीच्या गोष्टीने सुरुवात करू नये, कधी फुकटही औषध द्यावे, असे सांगितले आहे. मग ही वचने शपथेच्या आत का आली नाहीत? दोन्हीकडे ती शपथेच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. आणि २०२२ साली जुना मजकूर सुधारण्याची संधी चालून आली, तेव्हा सोन्या-धुळीचे ते वचन उचलून आत आणावे असे कोणाला सुचल्याचे दिसत नाही. पोशाखाचे कलम मात्र राहिले.

कट मी पुस्तकातून शिकलो नाही. दवाखाना काढल्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवाळीत एका तपासणी केंद्राचा मनुष्य मिठाईचा डबा घेऊन आला. डब्याखाली पाकीट होते आणि पाकिटावर माझ्या रोग्यांची संख्या पेन्सिलीने लिहिली होती. डबा आणि पाकीट दोन्ही परत गेली. घरी मुले दोन दिवस रुसून बसली. त्या पेन्सिलीच्या आकड्याने मला जो संताप आला तो अजून शमलेला नाही, कारण त्यात नावे नव्हती. पुढे पाकिटाची रूपे बदलली. समुद्रावरचा तो २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला उघडला आणि शिवडी आमच्या उंबऱ्याशी आली. रोग्याच्या दृष्टीने हे मोठेच सुख. लाँच चुकली म्हणून वाटेत दगावलेली माणसे मी पाहिली आहेत. पण रोगी जेवढ्या लवकर पलीकडे जातो तेवढ्याच लवकर पलीकडची 'योजना' अलीकडच्या दवाखान्यात येते, असे आमच्या भागातले तरुण डॉक्टर सांगतात.

हे सारे नियमांत निषिद्ध आहे. २००२ च्या नियमांत कमिशन देणे-घेणे हा गैरवर्तनाचा प्रकार म्हणून लिहिलेला आहे; २००९ साली औषधकंपन्यांच्या भेटी आणि सहली यांवरही बंदी आली. २०१७ साली मुंबईतल्या एका हृदयरुग्णालयाने, आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही, असे फलक रस्त्यावर लावले तेव्हा आमच्याच काही बांधवांना त्याचा राग आला. हा राग मला फलकापेक्षा बोलका वाटला. त्याच वर्षी राज्य सरकारने समिती नेमून कट विरोधी कायद्याचा मसुदा करविला. त्या मसुद्याचा कायदा होऊन तो बाहेर आला नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय आयोगाने नवे, कडक नियम जाहीर केले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींवर आधारलेले इंग्रजी पुस्तक २०१६ साली प्रसिद्ध केले. त्यातले डॉक्टर दुष्ट नाहीत. बरेचसे कंटाळलेले, एकटे पडलेले आणि तरीही बोलावयास धजलेले आहेत. शपथ कोणती घेतली यावरून त्यांच्यात भांडण नाही. आपल्याला पाठविलेला रोगी हा विकत घेतलेला आहे की विश्वासाने आलेला, हे त्यांना ठरविता येईनासे झाले आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की शपथ चरकाची द्या नाहीतर हिपॉक्रेटिसची. संस्कृतात द्या, मराठीत द्या. मला दोन्ही प्यारे आहेत. फक्त तीत एक वाक्य घाला: 'रोग्याला कोठे पाठविल्याबद्दल मी कोणाकडून काही घेणार नाही, कोणाला काही देणार नाही, आणि रोग्याने विचारले तर हे त्याच्या तोंडावर सांगेन.' समारंभात आईबाप बसलेले असतात, फोटो निघत असतात, तेथे हे वाक्य मोठ्याने म्हणावयास लावा. ते म्हणताना कोणाची जीभ अडखळते ते पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांकडे पाहून कळेल.

कागदावरची एक चांगली गोष्ट मात्र झाली आहे. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती होऊन रोग्यांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावणे आवश्यक झाले. तेव्हापासून कोणाच्या भेटीला रुग्णालयात गेलो की मी आधी भिंती पाहतो. गेल्या पावसाळ्यात पनवेलच्या बाजूला एका लहानशा रुग्णालयात तो फलक सापडला. चांगला छापलेला होता, मराठीत होता. समोर रबराच्या झाडाची मोठी कुंडी होती. ती मी बाजूला सरकविली आणि सगळा वाचून काढला.